बाहेर बर्फ, तळघरात बेसबॉल

अमेरिकेतल्या मिनेसोटात मुलांचं बेसबॉल ऑक्टोबरात आवरतं ते थेट एप्रिलपर्यंत. मधले पाच-साडेपाच महिने मैदान बर्फाखाली असतं. जानेवारीत पारा उणे 20 सेल्सिअसला टेकला तरी इथे कुणी त्याची बातमी करत नाही. पोरांच्या अंगातली रग मात्र कमी होत नाही, आणि आईबापांच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो: फ्लोरिडा-कॅलिफोर्नियातली मुलं बारा महिने खेळतायत, आपलं पोर मागे पडणार.

आपल्या मराठी घरांत तर हा हिशेब फारच पक्का. मे महिन्याची सुट्टी लागली की पुढच्या इयत्तेचा पोर्शन सुरू करणारी माणसं आपण. मोकळा वेळ दिसला की त्यात क्लास बसवायचा. मीही तेच केलं. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि त्याला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, व्हायचं खूळ लागलं होतं. नोव्हेंबरपासून आठवड्याचे तीन दिवस त्याला एका बंदिस्त प्रशिक्षण केंद्रात घातला. तिथे भिंतीवर चेंडूचा वेग मोजणारं यंत्र, आकडा लाल अक्षरांत. दर आठवड्याला आकडा थोडा चढायचा आणि गाडीत बसल्यावर आम्ही दोघं त्याच्यावरच बोलायचो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या बायकोच्या लक्षात आलं की पोरगा भाजी डाव्या हाताने वाढून घेतोय. विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं आई, कोपर जरा ओढल्यासारखं होतंय." डॉक्टरांनी कोपराच्या आतल्या बाजूला बोट दाबलं तसा तो कळवळला. एक्स-रे झाला, आणि सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही असं फर्मान निघालं. बर्फ वितळला, मैदान उघडलं, आणि आमचा मोसम बाकावर बसून सुरू झाला.

त्यानंतर मी जे वाचलं, डॉक्टरांना आणि दोन-तीन जुन्या कोचना विचारलं, ते इथे मांडतोय. हिवाळा हाताला सुट्टी देण्यासाठी असतो आणि बाकीच्या अंगाला कामाला लावण्यासाठी. आम्ही नेमकं उलट केलं होतं.

पिचर म्हणजे गोफण

क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला पिचर म्हणजे बोलर वाटतो. पण बोलरला कोपर वाकवून चेंडू फेकायला बंदी आहे. हात 15 अंशांहून जास्त सरळ झाला की ती फेकी बोलिंग. बेसबॉलमध्ये फेकणं हाच कायदा आणि तीच कला. शिवाय धावत येणं नाही. पिचर एका पट्टीवर पाय टेकवून उभा राहतो, दुसरा पाय उचलतो, एक लांब पाऊल टाकतो आणि चेंडू सोडतो. बोलरला पळत येण्यातून जो वेग आयता मिळतो, तो याला उभ्या अंगातून काढावा लागतो.

कुठून काढतो? जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण मारणारा माणूस ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चटकन कळेल. गोफणीचा दगड मनगटाच्या जोरावर जात नाही. पाय रोवलेले असतात, कंबर वळते, खांदा तिच्या मागून येतो आणि दोरी सगळ्यांत शेवटी. पिचरचा हात ही ती दोरी. जोर मांड्यांतून आणि नितंबांतून निघतो, कंबर आणि पोटातून वर चढतो, खांद्यात येतो, मग कोपर, मनगट, आणि शेवटी दोन बोटं. वरच्या पातळीवरच्या पिचरचा दंड चेंडू सोडताना खांद्यात सेकंदाला सुमारे 7000 अंश वेगाने फिरतो. म्हणजे तसाच फिरत राहू शकला असता तर एका सेकंदात एकोणीस फेऱ्या. माणसाच्या शरीरातली ही सगळ्यांत वेगवान हालचालींपैकी एक.

या साखळीत खालून जोर कमी आला तर मूल तो हातातून भरून काढायला जातं, आणि तिथे दुखणं सुरू होतं. ताण दोन जागी पडतो. एक, कोपराच्या आतल्या बाजूला, कारण हात मागून पुढे झपकन येताना तो सांधा आतून उघडू पाहतो. दुसरी जागा खांद्याच्या मागे. चेंडू सुटला तरी हात सुटत नाही, त्याला कुणीतरी थांबवावं लागतं. ते काम खांद्यामागचे छोटे स्नायू आणि पाठीचे पंखे करतात. घाट उतरणाऱ्या एसटीचे ब्रेकच ते.

मोठ्या माणसात कोपराच्या आतला अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, झिजत झिजत तुटतो. 1974 साली लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याचा असा पट्टा तुटला तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच उजव्या मनगटातली कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. तोवर या दुखण्याने माणूस खेळातून उठायचा. टॉमी जॉन 1976 मध्ये परतला आणि 1989 पर्यंत खेळला. ती शस्त्रक्रिया आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. काळजीची गोष्ट अशी की आता अमेरिकेत ती करून घेणाऱ्यांत सगळ्यांत मोठा गट 15 ते 19 वर्षांच्या मुलांचा आहे.

त्याहून लहान मुलांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांची हाडं वाढत असतात आणि प्रत्येक लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक मऊ थर असतो, जिथून हाड वाढतं. हा थर अस्थिबंधापेक्षा कमजोर. म्हणून मोठ्यांची दोरी तुटते, लहानांची खुंटी हलते. पट्टा शाबूत राहतो, पण तो ज्या हाडाच्या टोकाला बांधलेला आहे ते टोकच ओढलं जातं. इथले डॉक्टर याला ‘लिटल लीगर्स एल्बो’ म्हणतात, आणि खांद्याशी झालं तर ‘लिटल लीग शोल्डर’. माझ्या मुलाला पहिलं झालं होतं. वेळेत कळलं तर बहुतेक वेळा नुसत्या विश्रांतीने बरं होतं. न कळता तसंच खेळत राहिलं तर हाडाचा तुकडा सुटूनही येऊ शकतो.

आकडे काय सांगतात

अलाबामात बर्मिंगहॅम इथे डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी 1987 मध्ये काढलेली ‘अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूट’ ही संस्था या विषयाची पंढरीच म्हणायची. त्यांनी 2006 मध्ये एक अभ्यास छापला. खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया झालेले 95 तरुण पिचर एका बाजूला, न दुखावलेले 45 दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या सवयींची तुलना. वर्षात आठ महिन्यांहून जास्त काळ पिचिंग करणाऱ्यांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता पाचपट निघाली. हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांची 36 पट. हा दुसरा आकडा मी तीनदा वाचला.

याच मंडळींनी 9 ते 14 वयाच्या 481 पिचरांचा दहा वर्षं माग ठेवला. वर्षात 100 पेक्षा जास्त इनिंग (बेसबॉलमध्ये इनिंग छोटी, तीन गडी बाद झाले की संपते) टाकलेल्या मुलांना गंभीर इजा होण्याची शक्यता साडेतीन पट आढळली. त्या 481 पैकी शस्त्रक्रिया करावी लागलेले किंवा दुखण्यामुळे खेळ सोडलेले सुमारे 5 टक्के. म्हणजे घाबरून पोराला कॅरम खेळायला बसवण्याचं कारण नाही. पण ते 5 टक्के कोण असतील हे बऱ्याच अंशी आपण ठरवतो.

या अभ्यासांचा परिणाम नियमांवर झाला. मुलांच्या बेसबॉलची संघटना असलेल्या लिटल लीगने 2007 पासून इनिंगऐवजी थेट चेंडू मोजायला सुरुवात केली. 2014 मध्ये मेजर लीग बेसबॉल, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंची सर्वोच्च लीग, आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार 9-10 वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त 75 चेंडू टाकायचे, 11-12 च्या मुलाने 85, 13 ते 16 पर्यंत 95. चौदापर्यंतच्या मुलांनी 20 च्या वर गेल्यास एक दिवस विश्रांती, 35 च्या वर दोन, 50 च्या वर तीन आणि 65 च्या वर चार दिवस. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं: वर्षातले किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग.

आता नकाशाकडे बघा. टँपाच्या किंवा सॅन दिएगोच्या घरात ही चार महिन्यांची सुट्टी पाळायला आईबापांना कोचशी, संघाशी आणि पोराशीही भांडावं लागतं. आमच्याकडे ती आकाशातून पडते. मेजर लीगच्या पिचरांचा अभ्यास झाला तेव्हा उबदार प्रदेशांत वाढलेल्यांवर टॉमी जॉन शस्त्रक्रिया जास्त होत असल्याचंच दिसलं. आपण ज्याला मागे पडणं समजतो ते हाताच्या बाबतीत पुढे असणं आहे. पण बर्फाने दिलेली सुट्टी आम्ही बंदिस्त हॉलचं भाडं भरून रद्द करून घेतो, त्याला काय म्हणायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: चेंडू कपाटात

आमच्याकडे आता ऑक्टोबरच्या शेवटच्या सामन्यानंतर ग्लोव्हला तेल लावून तो कपाटात जातो. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत फेक नाही. बर्फाचे गोळे चालतात, कारण ते कुणी मोजत नाही आणि कुणी जोर लावून दीडशे मारत नाही.

या महिन्यांत दुसरा खेळ. बास्केटबॉल, हॉकी, पोहणं, काहीही. इथे मिनेसोटाचं ठेवणीतलं उदाहरण म्हणजे जो मावर. सेंट पॉलचा मुलगा. शाळेत असताना हिवाळ्यात बास्केटबॉल खेळायचा, आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये इतका तरबेज की फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने त्याला क्वार्टरबॅक म्हणून बोलावलं होतं. 2001 मध्ये मिनेसोटा ट्विन्स या इथल्या मेजर लीग संघाने त्याला देशात पहिल्या क्रमांकावर निवडलं. पुढे 2006, 2008 आणि 2009 अशी तीनदा त्याने अमेरिकन लीगमधली सर्वोत्तम बॅटिंग सरासरी मिळवली. कॅचरने, म्हणजे बेसबॉलमधल्या यष्टिरक्षकाने, असं तीनदा करणं ही बेसबॉलच्या इतिहासातली एकच घटना आहे. 2024 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. आणि तो एकटा नाही. डेव्ह विनफिल्ड, पॉल मॉलिटर, जॅक मॉरिस हे हॉल ऑफ फेममधले आणखी तिघं त्याच सेंट पॉलचे. या थंड गावाने उबदार गावांना लाजवावं असा तो भरणा आहे.

दुसरं काम, गोफण मारणाऱ्याचे पाय आणि कंबर तयार करणं. इथे आपल्याकडचा एक जुना समज आडवा येतो: लहानपणी वजन उचललं की उंची खुंटते. माझ्या आईने फोनवर हे मला चारदा सांगितलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे की नीट देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेला ताकदीचा व्यायाम मुलांना सुरक्षित आहे आणि त्याने वाढ थांबत नाही. आईचं समाधान मात्र मी "वजन नाही, बैठकाच मारतोय" असं सांगून केलं, आणि ते बरंचसं खरंही होतं. बारा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या अंगाचं वजन पुष्कळ असतं. बैठका, एका पायावरच्या बैठका, आडवं पाऊल टाकून मांडी खाली नेणं, कोपरांवर अंग ताठ धरून पडून राहणं, दारातल्या दांडीला लोंबकळणं.

दांडीला लोंबकळणं आणि ओढण्याचे व्यायाम यांवर जरा जास्त वेळ घालवा. पोरांना जोर मारायला आवडतात, कारण आरशात छाती दिसते. पण पिचरचे ब्रेक पाठीला असतात. रबरी पट्टा दाराच्या मुठीला बांधून तो स्वतःकडे ओढणं, आणि कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला फिरवणं, हे दोन कंटाळवाणे व्यायाम आठवड्यातून तीनदा झाले तर खांद्याला पुढचं वर्ष सोपं जातं. दोन किलोचा मऊ जड चेंडू दोन्ही हातांनी कमरेतून वळून भिंतीवर मारणं हा त्यातला मजेचा भाग. मात्र ती भिंत तळघरातली असू द्या; बैठकीच्या खोलीत आम्ही एक फोटोफ्रेम घालवली आहे.

जड चेंडूंवरून एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. हिवाळ्यात इथे ‘सहा आठवड्यांत वेग वाढवा’ अशा जाहिरातींचं पीक येतं. त्यात एका हाताने, पूर्ण जोरात, वेगवेगळ्या वजनांचे चेंडू फेकायला लावतात. 2018 मध्ये 13 ते 18 वयाच्या पिचरांवर अशा सहा आठवड्यांच्या कार्यक्रमाचा अभ्यास छापून आला. वेग खरोखर वाढला, साधारण 3 टक्क्यांनी. पण जड चेंडू फेकणाऱ्या गटातल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांच्या हाताला इजा झाली, आणि तुलनेसाठी ठेवलेल्या गटात सराव चालू असताना एकालाही नाही. 3 टक्के म्हणजे ताशी 60 मैल टाकणाऱ्याचे जेमतेम 62. भिंतीवरच्या लाल आकड्यासाठी ही किंमत मोजायची का, ते ज्याने त्याने ठरवावं. मी ठरवलंय.

बॅटला सुट्टी नाही

सुदैवाने बॅटिंगला हा नियम लागू नाही. बॅट फिरवताना कोपरावर फेकीसारखा ताण येत नाही, त्यामुळे हिवाळा हा खऱ्या अर्थाने बॅटिंगचा मोसम. बॅटिंगला मैदानही लागत नाही. तळघरात छताला जुनी गोधडी टांगली, एक रबरी खुंटी उभी केली, तिच्यावर चेंडू ठेवून मारला की झालं. मोज्यांची जोडी गोळा करून तिला चिकटपट्टी गुंडाळली तर काचाही वाचतात.

जो मावरचे वडील याच फंदात पडले होते. त्यांनी घरच्या घरी एक नळीचं खटलं जोडलं. वरून नळीत चेंडू टाकायचा, तो दुसऱ्या तोंडातून अचानक बाहेर येतो आणि खाली पडायच्या आत मारायचा. फिरवायला लांब हात नेला तर चेंडू जमिनीवर. त्यातून मुलाचं बॅट फिरवणं आखूड आणि झटपट झालं. पुढे ते खटलं ‘क्विकस्विंग’ नावाने बाजारातही आलं. हायस्कूलच्या सगळ्या वर्षांत मिळून मावर फक्त एकदा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला, असं इथे कुणीही सांगतं.

हे का उपयोगी पडतं? बारा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये पिचर 46 फुटांवरून टाकतो. ताशी 60 मैलांचा चेंडू ते अंतर अर्ध्या सेकंदात कापतो. त्यात चेंडू दिसायचा, मारायचा की सोडायचा ते ठरायचं आणि बॅट फिरायची. बॅट जितकी उशिरा सुरू करून चालेल तितका बघायला वेळ जास्त. खुंटीवरच्या ठेवलेल्या चेंडूने मार सुधारतो, पण नजर नाही. पैसे भरून मिळणाऱ्या जाळीच्या केजमध्ये यंत्र चेंडू टाकतं, तेही दहा मिनिटांनी पोराला पाठ होतं. ते एकाच जागी, एकाच वेगाने येतं. त्यापेक्षा बापाने पंधरा फुटांवर जाळीमागे बसून खालून प्लॅस्टिकचे भोकाचे चेंडू मनाला येईल तसे टाकलेले बरे. फुकट आहे, आणि दोघांनाही घाम येतो.

क्षेत्ररक्षण हा हिवाळ्यातला सगळ्यांत दुबळा विषय. शाळेच्या व्यायामशाळेत लाकडी जमीन असते. चेंडू तिच्यावर सरळ, गुळगुळीत, अंदाजाप्रमाणे उसळतो. एप्रिलमधल्या ओल्या, खडबडीत मातीवर तसं काही घडत नाही. ज्यांना परवडतं ते हवेच्या दाबाने फुगवलेल्या मोठ्या डोममध्ये तास भाड्याने घेतात, आणि चांगल्या वेळा मोठ्या संघांनी आधीच धरलेल्या असतात. ही परंपरा जुनी आहे. मिनियापोलिसच्या जुन्या मेट्रोडोममध्ये वसंताच्या तोंडाशी छोट्या कॉलेजांचे सामने रात्री उशिरापर्यंत लागायचे, कारण सगळ्या उत्तरेत बर्फ नसलेली तेवढीच जागा.

जपानच्या होक्काइदो बेटावर मात्र एका शाळेने वेगळंच उत्तर काढलं. तोमाकोमाईची कोमाझावा विद्यापीठाची शाळा. प्रशिक्षक योशिफुमी कोदा पोरांना हिवाळ्यात बाहेरच न्यायचे. मैदानावरचा बर्फ दाबून टणक करायचे आणि त्याच्यावर चेंडू मारून अडवायला लावायचे. बर्फावर चेंडू कसाही उसळतो, पाय सरकतात. वाकून, पाय पसरून, चेंडूच्या पुढ्यात जाणं भाग पडतं. 2004 च्या उन्हाळ्यात या शाळेने कोशियेन मैदानावरची राष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली. होक्काइदोला ती पहिल्यांदाच मिळाली. 2005 मध्ये पुन्हा जिंकली. 2006 चा अंतिम सामना 15 इनिंगनंतर बरोबरीत सुटला, दुसऱ्या दिवशी परत खेळवला आणि तेव्हा कुठे ते एका धावेने हरले. मुंबईच्या माणसाला हे वाचून क्रिकेटची कांगा लीग आठवेल. 1948 पासून ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर आणि गुडघाभर गवतात ती खेळली जाते, आणि तिथे धावा केलेल्याला कुठेही धावा करता येतात असं आपल्याकडे म्हणतात.

तरी कोमाझावाची नक्कल करून पोराला उणे 20 मध्ये बाहेर काढू नका. जपानमध्ये शाळांना डिसेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्या संघांशी सामने खेळायला मनाई असते, हेही त्या गोष्टीचा भाग आहे. बर्फावर ते क्षेत्ररक्षण करत होते. आणि आठवड्याला 500 चेंडूंची पिचरवरची मर्यादा तिथे 2020 मध्ये आली. आमच्या मुलांच्या मापाने तो आकडाच अंगावर येतो. तेव्हा जपानकडून बर्फ घ्यावा, चेंडूंची संख्या घेऊ नये.

मधले आठ आठवडे

आमच्या मुलाचं कोपर दुखलं त्याचं एक कारण विश्रांती नव्हती हे, पण डॉक्टर म्हणाले की उलट चूकही तितकीच होते. हिवाळाभर हात बंद ठेवायचा आणि मार्चमध्ये पहिल्या सरावाला कोच म्हणाले म्हणून एकदम जोरात टाकायचं. स्नायू दोन-तीन आठवड्यांत जागे होतात, पण अस्थिबंध, कंडरा आणि हाडं सावकाश सरावतात. पोराला वाटतं हात तयार आहे, कारण स्नायू तसं सांगत असतात.

म्हणून पहिल्या सामन्यापासून उलटं मोजायचं. सामना एप्रिलच्या मध्यात असेल तर फेब्रुवारीच्या मध्यात सुरुवात. पहिल्या आठवड्यात 30 ते 45 फुटांवरून, निम्म्या जोराने, पंचवीसेक फेकी, एक दिवस आड. मग दर आठवड्याला पंधरा-पंधरा फूट अंतर वाढवत न्यायचं. अंतर किंवा संख्या, एका वेळी एकच वाढवायचं. दुखलं तर एक पायरी खाली. शेवटचे तीन आठवडे उंचवट्यावरून, म्हणजे माउंडवरून, सुरुवातीला पंधराच चेंडू आणि तेही सरळ. वळणारे चेंडू लहान मुलांनी शिकूच नयेत असं बहुतेक कोच म्हणतात. सरळ चेंडू आणि त्याच हालचालीतला संथ चेंडू, एवढ्यावर बारा वर्षांच्या मुलाचं छान चालतं.

दुखण्याची भाषा पोराला आधीच शिकवून ठेवा. दंडात, पाठीत, मांडीत सगळीकडे पसरलेलं, दुसऱ्या दिवशी ओसरणारं दुखणं हे कामाचं दुखणं. एका बोटाने दाखवता येतं ते दुखणं, विशेषतः कोपराच्या आत किंवा खांद्याच्या टोकाशी, हे थांबण्याचं. आणि बाराव्या वर्षी मुलं आपण होऊन सांगत नाहीत, कारण सांगितलं की बाकावर बसावं लागतं. भाजी कुठल्या हाताने वाढून घेतो ते बघा.

एप्रिल म्हणजे वसंत नाही

कॅलेंडरवर वसंत असतो. 2018 च्या एप्रिलच्या मध्यात मिनियापोलिसवर पंधरा इंचांच्या आसपास बर्फ पडला आणि ट्विन्सचे सलग तीन दिवसांचे सामने पुढे ढकलावे लागले. त्यांच्या मैदानाला छप्पर नाही. मुलांचे सामने 5-6 अंश सेल्सिअसला सर्रास होतात, म्हणजे सगळ्या हिवाळ्याची परीक्षा सगळ्यांत वाईट हवेत.

थंडीत बोटांची जाण कमी होते, कोरड्या हवेत चेंडू गुळगुळीत लागतो, पकड सुटते आणि मूल ती घट्ट करायला सगळा हात आवळतं. जुने कोच म्हणतात, अंग तापवायला चेंडू टाकायचा नाही, अंग तापलं की टाकायचा. उन्हाळ्यात दहा मिनिटं पुरतात, इथे वीस लागतात. पळणं, आडव्या उड्या, रबरी पट्टा, कपाळावर घाम दिसला की मगच पहिली फेक. दोन इनिंगच्या मध्ये जाकीट अंगावर, निदान फेकणारा हात तरी बाहीत. पिचरला माउंडवर बोटांवर फुंकर मारायला एरवी बंदी असते, कारण थुंकी लावून चेंडू बिघडवता येतो. पण थंडीत दोन्ही संघ कबूल असतील तर पंच सामन्याआधी तशी परवानगी देऊ शकतो, असं मेजर लीगच्या नियमपुस्तकातच लिहिलेलं आहे. तुमच्या लीगमध्ये चालतं का, ते आधी विचारून ठेवावं.

बॅटचंही तसंच. कंपोझिट बॅट थंडीत कडक होऊन तडकतात. 15 अंश सेल्सिअसच्या खाली त्या वापरू नका असं बनवणारेच सांगतात, आणि तडकल्यावर ही सूचना पुढे करतात. साडेतीनशे डॉलरच्या बॅटसाठी रडणारं पोर मी शेजारच्या घरी पाहिलंय. एप्रिलसाठी एक जुनी, पूर्ण अॅल्युमिनियमची बॅट ठेवा. चेंडू मधोमध लागला नाही तर हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, त्यावर आत एक पातळ लोकरी हातमोजा घालणं एवढाच उपाय. आणि पोराने मारलेला चेंडू मागच्या उन्हाळ्यापेक्षा अलीकडे पडला तर त्याला बोलू नका. थंड हवा दाट असते, चेंडू तिच्यात कमीच जातो.

यंदा आमचा पहिला सामना 6 अंशांत झाला. वयाच्या हिशेबाने त्याला 85 चेंडू चालले असते. आम्ही कोचशी आधीच बोलून 35 ठरवले होते. मोजायचं यंत्र बायकोच्या हातात होतं, हातमोज्यातून बटण दाबलं जात नाही म्हणून तिने तो काढून ठेवला होता. चौतिसावा चेंडू बॅटरने बाहेर मारला, पस्तिसावाही. कोचने बाकावरून तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि तो पोराकडून चेंडू घ्यायला माउंडकडे चालू लागला.